रक्षाची पहिली सर्दी

८ मे २०२२, तिरुपूर

आज पोरीचं जावळ झालं. फोनवर पाहिलं. माय माझी दोन वर्षं रक्षाले घराबाहेर काढत नव्हती, कोरोना कोरोना करून. जो येईल त्याले आंगणातूनच वाटेले लावे. "एक शिंक नाई माह्या नातीले!" — अख्ख्या समुद्रपुरात सांगे. आज मात्र घरभर माणसं. मामाच्या मांडीवर बसवून केस काढले, मग ज्यानं त्यानं उचलून मुका घेतला. मामाचं नाक वाहत होतं. बायकोले, दामिनीले, म्हटलं तं हसली — "आता कोरोना कुठी राह्यला?"

टकली चांगली दिसते. मी तिले उचललं ते बारशाच्या आधी. मग सुरत, मग इथं.

११ मे

पोरीले सर्दी. माय म्हणे, "केस गेले म्हणून झाली. तू काऊन भेतं?"

१३ मे

वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. नाकात नळी. दामिनीनं व्हिडिओ धाडला, छाती आत ओढून राह्यली. एकदा पाहिला. मग कंपनीत बनियनच्या घड्या करत बसलो. जेवलोपण.

१४ मे

कोरोना नाई निघाला. साधा सर्दीचा व्हायरस! डॉक्टरबाई म्हणे, हा थंडी-पावसाचा, लेकरांले पहिल्या वर्षीच होऊन जातो. लॉकडाऊनमधी झालाच नाई, शरीराले त्याची सवय नाई. म्हणून आता भर उन्हाळ्यात मोठमोठी लेकरं भरती होऊन राह्यली.

माय फोनवर म्हणे, "मी तं जपलंच होतं ना रे."

"हो," म्हटलं.

१५ मे

सुट्टी मागितली. सुपरवायझर म्हणे, "सर्दी के लिए छुट्टी?" मागच्या वर्षी मी शिंकलो तं यानंच गेटबाहेर काढलं होतं! खोलीतला प्रेमदास म्हणे, "निमोनिया सांगाचं ना भाऊ, सर्दी काऊन सांगतं!"

संध्याकाळी दामिनीचा फोन. ऑक्सिजन वाढवला. "तुम्ही येऊन जा." बस, एवढंच.

थैली भरली. नाई देत सुट्टी तं नको देऊ!

१६ मे, गाडीत

फोन लागत नाई. दिवसभर खिडकीतून पाहत होतो. काय पाहिलं, माहीत नाई.

१७ मे, वर्धा

खाटेजवळ गेलो. रक्षानं मले पाहिलं अन् भोकाड पसरलं! तिच्यासाठी कोण मी? मागं सरलो. दामिनीनं हात धरला — "थांबा. रडू द्या. इतके दिवस आवाजच निघत नव्हता तिचा."