तीन चकत्या आणि केज रोड

२ एप्रिल, गुरु.
सहा ब्लाउज झाले. दोन राहिले, राहू दे. साडेपाचला मशीन झाकली न् थेट गायरानात.
फेकायच्या खेळातल्या तिन्ही प्लास्टिकच्या चकत्या दहा-दहा वेळा फेकल्या. लाल शेवटाला डावीकडं पडती. पिवळी बी डावीकडंच, जरा कमी. निळी मात्र नाकासमोर. दहात आठ. पूजानं, ताईच्या पोरीनं, पुण्याहून आणल्या तवा सांगितलं होतं, मावशी, ह्या मधल्या पल्ल्याच्या, तिन्ही सरळ जाणाऱ्या. वर छापलेले उडायचे आकडे बी सारखेच. मग ह्या दोघींना काय धाड भरली?
१९ ला पुण्यात स्पर्धा. खांबावर साखळ्या लावलेल्या अठरा टोपल्या, कमीत कमी फेकीत चकती आत पाडायची, माणशी एकच चकती. मधी बदलायची न्हाई. बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कशात तरी नाव दिलंय. चुकीची चकती नेऊन हसं करून घ्यायचं न्हाई.

४ एप्रिल, शनि.
मैत्रीण नसरीन आली होती. फळांचा गाडा नवऱ्यावर सोडून. आंब्याचं रिकामं कॅरेट आणलं, दगडावर ठेवलं, झाली आमची टोपली. निळी ९, पि. ५, ला. २. मोजायला नसरीन, त्यामुळं खोटं न्हाई.
ती म्हणली, रोज रस्त्याकडं पाठ करून, बाभळीच्या आडून कावून फेकतीस? तिला काय सांगायचं. ह्याच रस्त्यानं जाणारी केज-नांदूरघाट जीप ह्यांचीच. बारा उतारू खिडकीतून बघणार, अन् नवरा स्टेअरिंगवर मान खाली घालून बसणार. त्यापेक्षा बाभळ बरी.

६ एप्रिल, सोम.
दादा आले. मोठे दीर. बाजेवर बसले, चहा मागितला. गावात त्यांच्या शब्दाला मान हाय, घरात तर कायदाच. माझ्याकडं न बघता ह्यांना म्हणले, "आपल्या घरची बाई पुण्याला ताटल्या फेकायला चालली, हे मी चौकात कोणत्या तोंडानं सांगू?"
मी आतूनच बोलले, "तुमी नका सांगू. मी सांगते."
लग्नाला बावीस वर्षं, दादांना पहिल्यांदा उलट बोलले. चहा दिला, साखर मुद्दाम कमी.
ह्यांच्या गप्प बसण्याचा जास्त राग आला. दादांचं काय, ते तसेच.

९ एप्रिल, गुरु.
पूजाचा फोन. निळीचं लई कौतुक सांगितलं तिला. ती म्हणली, मावशी, वारं कुठून असतं? मी म्हणलं पाठीमागून. रोज? रोज. कधी समोरून फेकलंच न्हाई? न्हाई.
मग तिनं समजावलं. मागून वारं असलं की चकती जास्त डावीकडं पडती. जी मुळात उजवीकडं वळणारी, ती अशा वाऱ्यात सरळ दिसती. समोरून वारं आलं की खरं कळतं. आकडे सारखे छापले तरी चकत्या थोड्या येगळ्या निघतातच.
म्हणजे आठ दिवस मी निळीला न्हाई, वाऱ्याला मार्क दिले.
समोरून वारं घ्यायचं तर पलीकडच्या बांधावर जाऊन रस्त्याकडं तोंड करावं लागंल. आड काहीच न्हाई तिथं.

१० एप्रिल, शुक्र.
शिलाई लई होती. गेले न्हाई.
खोटं लिहिलं. शिलाई दोनच नग. भ्याले.

११ एप्रिल, शनि.
गेले. नसरीन बी संगं. रस्त्याकडं तोंड करून उभी राहिले. ऊन डोळ्यात, वारं तोंडावर.
पहिली निळी. हातातून सुटली तशी उजवीकडं कलंडली न् बोरीच्या काट्यात. दहात सात तशाच. सटवी! एवढं डोक्यावर घेतलं होतं तिला. लाल सरळ, दहात सात. पिवळी पाच सरळ, चार किंचित उजवीकडं, एक पार वाया.
लपून फेकलं म्हणून चुकले. दुसरं कारण न्हाई. स्वतःचाच इतका राग आला की रडूच आलं, पण फेकणं थांबवलं न्हाई.
तेवढ्यात जीप. हळू झाली. खिडकीतून एक बाप्या ओरडला, "ओ मावशी, ताटं फेकून दिल्यावर जेवनार कशात?" आतले सगळे हसले. ह्यांनी बघितलं. मी बी बघितलं. मग पिवळी फेकली, ती थेट कॅरेटवर आपटली. जीप तवर पुलापाशी. कुणी बघितलं न्हाई. नसरीननं बघितलं, बास.

१३ एप्रिल, सोम.
ह्यांनी आज विषय काढला. जेवताना. मला वाटलं आता निघतंय सगळं. तर म्हणले, "परवा लांबूनच बघितली, ती निळी कावून वळायली अशी?"
घास हातातच राहिला. वारं सांगितलं, लाल-पिवळी सांगितली. ऐकून घेतलं. हात धुताना म्हणले, १८ ला दादांनी जीप सांगितलीय, केजच्या सभेला माणसं न्यायला. पुण्याच्या गाडीसाठी तुला केजला सोडायचं जमंल असं वाटत न्हाई.
म्हणलं, तुमी दादांना न्हाई का म्हणत न्हाई? हात पुसले न् बाहेर गेले.
सभा १८ लाच निघाली म्हणं. बरी निघाली.

१६ एप्रिल, गुरु.
शेवटची परीक्षा. दोन्ही बांधांवरून, वीस-वीस.
निळी: वारं मागून असंल तरच शहाणी. लाल: समोरच्या वाऱ्यात वाघ, मागून आलं की डावीकडं लोळण. पि.: दोन्हीकडं थोडी थोडी चुकती, पण सांगून चुकती. किती चुकंल ते आधीच कळतं, तेवढं धरून फेकता येतं.
पूजा म्हणती अशी चकतीच खरी सरळ. मला पटलं. पिवळी.
आज सहा जीपा, दोन एसट्या, एक उसाचा ट्रॅक्टर गेला. सगळ्यांनी बघितलं. एका बाईनं हात केला. मी बी केला.

१८ एप्रिल, शनि., फाट्यावर
दीड वाजला. साडेतीनची पुण्याची गाडी केजहून. सकाळपासून दुसरी एक जीप न्हाई, एसटी बी न्हाई, सगळ्या सभेला लावल्यात. वही मांडीवर घेऊन लिहायलेय.
दादा इथंच उभे, चार माणसं घेऊन. त्यातल्या एकानं विचारलं, काकू, कुठं निघाल्या? दादा दुसरीकडं बघायलेत. मी उठून उभी राहिले न् मोठ्यानं सांगितलं, "पुण्याला. चकत्या फेकायच्या स्पर्धेला. नाव दिलंय मी." ते माणूस हसलं न्हाई. म्हणलं, एकट्याच? म्हणलं हो, एकटीच.
दादांनी पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं. म्हणले, "जीप भरलेली येनार हाय."
म्हणलं, येऊ द्या.
पुलावर ह्यांची जीप दिसायली. टपावर बी माणसं. हे थांबतेत का न्हाई, मला माहीत न्हाई. बावीस वर्षांत दादांसमोर कधी थांबले न्हाईत.
वही पिशवीत टाकते. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहणार हाय.