वीस घरांची लाइन

ता. देवळी, जि. वर्धा
१२ मार्च

प्रिय पौर्णिमा,

तुझे सगळे मेसेज मिळाले. शेवटचाही मिळाला, ‘आईने माझ्याशी बोलणं टाकलं का, तेवढं सांगा.’ चार दिवस झाले, त्याचं उत्तर मोबाइलवर लिहितो आणि पुसतो. शेवटी पंचायतीतून कोरे कागद मागून आणले. टपाल पुण्याला पोचायला वेळ लागेल, पण मला सगळं एकदम सांगायचं आहे, आणि बोटाने एकेक अक्षर दाबताना माझा धीर सुटतो.

आधी लाइनचं सांगतो, कारण तू दर आठवड्याला तेच विचारतेस. देवळीहून रस्त्याच्या कडेने खोदत ती इंटरनेटच्या तारेची नळी गावात आली, त्याला आता तीन वर्षं झाली. पंचायतीच्या खोलीत पेटी बसली. मी तिथला शिपाई, किल्ली माझ्याकडे, म्हणून बसवणाऱ्यांना चहा मीच पाजला. त्यांच्यातल्या साहेबांनी समजावून सांगितलं की आतली काचेची तार कोण्या एका कंपनीची नाही, ती सार्वजनिक रस्त्यासारखी आहे. ज्याला वाटेल त्याने भाडं भरावं आणि घरोघरी इंटरनेट द्यावं. मला ते फार आवडलं. घरी येऊन तुझ्या आईला म्हटलं, आता पोरगी घरातच दिसणार. तिने त्याच दिवशी फोन ठेवायची जागा ठरवली, खिडकीसमोर, हातांवर उजेड पडेल अशी. पण पुढे कोणी आलंच नाही. आपलं बासष्ट घरांचं गाव, कोणाला परवडणार? कोणी अडवलं नव्हतं, कोणी नाही म्हटलं नव्हतं, म्हणून भांडायचं तरी कोणाशी ते समजेना. मी आपला पेटीवरची धूळ पुसत राहिलो.

तोवर आपला रविवार होता. सकाळच्या बसने आम्ही देवळीला जायचो, कारण गावात फोनवर तुझा चेहरा तुकड्या-तुकड्यांनी दिसायचा आणि तुझे हात दिसायचेच नाहीत. स्टँडमागच्या कडुनिंबाखाली मी फोन धरून उभा राहायचो आणि तुम्ही दोघी हातांनी बोलायच्या. लोक थांबून पाहायचे. आधी आईला लाज वाटायची, मग वाटेनाशी झाली. माझं काम फक्त फोन धरायचं. तुला ऐकू येत नाही हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. मी आठ दिवस जेवलो नाही एवढंच केलं. तिने मात्र दुसऱ्या दिवसापासून तुझ्यासाठी हाताच्या खुणा काढल्या, पाणी, भाकर, ऊन, बैल. पुढे तू नागपूरच्या शाळेतून सुट्टीत नव्या खुणा आणायचीस आणि ती चुलीसमोर बसून त्या शिकायची. मी तिला म्हणायचो, छाया, तू आहेसच ना सांगायला. वीस वर्षं मी या एका वाक्यावर काढली, बेटा.

म्हणूनच डिसेंबरातल्या त्या शेवटच्या रविवारी काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. तुमचे हात भराभर चालले होते. मग तुझी आई रडायला लागली आणि तू फोन बंद केलास. मी तिथेच उभा होतो, तरी गल्लीतल्या अनोळखी माणसाइतकंच मला समजलं.  दोन दिवसांनी तिने सांगितलं, तुला निकेशशी लग्न करायचं आहे, त्यालाही ऐकू येत नाही, आणि तिने नको म्हटलं. तिला भीती वाटली होती की उद्या घरात लेकरू रडलं तर ऐकणार कोण. पण तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, “म्या तिले असं म्हणाले नाई पायजे होतं. येत्या रविवारी सांगतो.”

तो रविवार आलाच नाही. मी तुला आधी कळवलं की बस बंद आहे, मग तिला खोकला आहे, मग देवळीलाही नेट चालत नाही. त्यातलं एकही खरं नव्हतं.

लाइनचं मात्र खरं सांगत होतो. दिवाळीनंतर देवळीचा केबलवाला गजेंद्र म्हणाला होता की वीस घरं तयार असतील तर तो ती तार भाड्याने घेईल. तुझी आई वही घेऊन घरोघर फिरली. एकोणीस नावं झाली आणि अडलं. तेव्हा रुख्माबाई, जिच्या घरी साधा बटणांचा फोन आहे, ती म्हणाली, “माह्या घरी पाह्यनारं कोनी नाई. तरी लिही माहं नाव. पोरीले मायशी बोलू दे.” जानेवारीत गजेंद्रची माणसं येणार, त्याच आठवड्यात नाली खोदताना जेसीबीने तार तोडली. नालीवाला म्हणे, नळी कुठे आहे ते कोणी दाखवलं नाही. गजेंद्र म्हणे, मी फक्त भाडेकरू. वर्ध्याच्या ऑफिसातले म्हणत, तक्रार पुढे पाठवली. मी तीन वेळा गेलो. सगळे नीट बोलले, खुर्ची दिली, पाणी दिलं. तार तशीच मातीत लोंबत राहिली. घरी आलो की तुझी आई विचारायची आणि मी मान हलवायचो.

आता जे तुझ्यापासून लपवलं ते लिहितो. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात, तो रविवार यायच्या आत, सकाळी, पाण्याची गुंडी उचलताना तुझी आई पडली. लकवा. सेवाग्रामला नेलं, तिथे त्यांनी केलं ते चांगलंच केलं. आता ती काठीने चालते, जड जिभेने बोलते, सगळं समजतं. उजवा हात मात्र गेला. तिने मला शपथ घातली, “तिले सांगू नोको. थे नोकरी सोडून पयत येईन.” तार अखेर जोडली गेली. आपल्या घरी लाइन चालू होऊन आज अकरा दिवस झाले, पौर्णिमा, आणि मी तुला कळवलं नाही. पहिल्याच दिवशी तिने केस विंचरून घेतले, खिडकीसमोर बसली, आणि तुला फोन लावण्याआधी एकदा हात उचलून पाहिला. तो मांडीवरून उठला नाही. डाव्याने उजव्याला धरून वर नेला, सोडला, तर तो पडला. मग म्हणाली, बंद करा. तेव्हापासून ती तिकडे पाठ करून बसते. मी काय करू ते मला समजत नाही. तुझ्याशी बोलायला मला हात येत नाहीत, आणि ज्या हातांवर मी विसंबलो होतो ते असे झाले. ती रागावलेली नाही. निकेशला घेऊन ये असं तिला म्हणायचं आहे, एवढंच, दोन महिन्यांपासून. हे पत्र मी तिला न सांगता, शपथ मोडून लिहितो आहे. मिळालं की रविवारी व्हिडिओ कॉल कर. मी उचलीन आणि तिला नको म्हणू देणार नाही. तू बोल, तिला सगळं कळेल. ती तोंडाने सांगेल ते मी टाइप करून तुला पाठवीन, हळूहळू, चुका करत. फक्त पडद्यावर तिचा उजवा हात शोधू नकोस. तिच्या तोंडाकडे पाहा.

तुझाच,
बाबा