खोडरबरांचा डबा

प्रिय सुधा,

तू गेल्यापासून वैशाली नगरच्या या घरात मराठी बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून लिहितोय. आणि आज कॉलेजच्या लॅबमध्ये जे झालं ते तुलाच सांगायला हवं.

तुझी फर्स्ट इयरची बॅच आता माझ्याकडे आहे. पहिल्याच दिवशी मी लॅबच्या दारातला तुझा बिस्किटांचा डबा उचलून कपाटात टाकला. आत येताना पोरांनी त्यात खोडरबरं ठेवायची, आकडा चुकला तर एक रेघ मारायची, पण खोडायचं नाही, हा तुझा नियम. 'बालवाडी आहे का ही?' म्हणून मी तुला किती चिडवलं, आठवतं? तू नुसती हसायचीस. एकदा तरी भांडायचंस माझ्याशी.

आज टायट्रेशन होतं. वीसही वह्यांत ब्युरेटचं रीडिंग दहा मिली. दरवर्षी दहाच येतं, सीनियरांच्या वह्यांतही तेच. मी खुशीत सह्या करत सुटलो. निर्मलाच्या वहीचा कागद मात्र खोडून खोडून विरला होता. उजेडात धरला, तर खाली तेरा पॉइंट चार.

"ये क्यों मिटाया?"

"सर, सबका दस आ रहा था. मुझे लगा, मैं ही ग़लत हूँ."

सगळे गेल्यावर मी स्वतः करून पाहिलं. तेरा पॉइंट चार. सुधा, सकाळी ब्युरेटचं द्रावण मीच चुकून पातळ बनवलं होतं, म्हणून ते जास्त लागलं. चूक माझी आणि ती झाकली पोरांनी, कारण मार्क दहालाच मिळतात हे मीच त्यांना शिकवलं. इतकी वर्षं मी दुसरं काय शिकवलं?

रिकाम्या लॅबमध्ये स्टुलावर बसून राहिलो. तू असतीस तर शेजारच्या टेबलावरून मला म्हणाली असतीस, "काय यायला हवं ते राहू द्या, काय दिसलं ते सांगा."

तेवढ्यात आपल्या निखिलचा बंगळुरूहून फोन. "पप्पा, सब ठीक?"

"एकदम ठीक," मी म्हणालो. रोज हेच म्हणतो. रविवारी दूधवाल्या भैयाशिवाय कुणाशी बोलणं होत नाही, हे त्याला कधी सांगितलं नाही. माझ्याही वहीत दहाच, सुधा.

उद्या डबा परत दारात ठेवतो. पहिलं खोडरबर माझं. निर्मलाचं बरोबर होतं, चूक माझी होती, हे सगळ्यांसमोर सांगेन. आणि संध्याकाळी निखिलला मीच फोन करेन. त्याने विचारलं, की जे दिसतंय तेच सांगेन.

तुझाच,
मधुकर