आधी विमान उतरवलंत!

अहो,

काल राजू येऊन गेला, म्हणून लिहितेय. नाहीतर तुमच्याशी बोलायचंच नाही असं मी तेराव्यालाच ठरवलं होतं.

येत्या रविवारी तुमच्याबरोबर विमानं उडवणाऱ्या त्या सगळ्यांना रिंगरोडपलीकडच्या मैदानावर तुमचं पिवळं रिमोटचं विमान उडवायचंय. तुमच्या आठवणीसाठी. फोटो लावणार, हार घालणार आणि तुमचं ते शेवटचं लँडिंग नव्यानं आलेल्यांना सांगणार. "एन् लँडिंग अक्का! ओंदु स्क्रॅचू इल्ला!" म्हणताना राजूचे डोळे भरून आले. एक ओरखडा नाही म्हणे. विमानाला ना? वा!

ही गोष्ट मी पहिल्यांदा दवाखान्याच्या बाकावर राजूकडून ऐकली. छातीत कळ आली, घामानं शर्ट भिजला, राजू म्हणाला, सर, बसा. तुम्ही म्हणालात, आधी हे उतरवतो. वारा आडवा होता म्हणून खाली आणता आणता दोनदा पुन्हा वर नेलंत. दोनदा! मग गवतावर अलगद टेकवलंत आणि तिथेच बसलात. "जरा आधी आणायला हवं होतं," एवढंच डॉक्टर म्हणाले.

अहो, फोमचं विमान ते, थर्माकोलचा भाऊ! आपल्या जेवणाच्या टेबलावर त्याचं नाक, पंख, शेपूट कितीदा चिकटवलंत! मी कुरकुरले की म्हणायचात, "पडलं तर पडलं की गं. ग्लू लावला की झालं. सुम्ने, उगाच काळजी करतेस." मग त्याच दिवशी काय झालं? पडलं असतं कुठेतरी झुडपात!

आणि रिमोट राजूच्या हातात का नाही दिलात? तो शेजारीच तर होता. पण रिमोट कुणाला द्यायचा नाही, हा तुमचा हट्ट. नवा आणलात तेव्हा मीही मागितला होता. "तुला नाही जमणार," म्हणालात आणि पाण्याची बाटली धरायला दिलीत. ते मी विसरलेले नाही.

बॅटऱ्यांची मात्र काय बडदास्त! चार्ज होताना पेटली तर घर वाचावं म्हणून माझी मल्लिगेची, मोगऱ्याची कुंडी रिकामी करून त्यात ठेवायचात. एखादी जरा फुगली की लगेच बाजूला. आणि जिना चढताना तुम्हाला धाप लागायची, तिचं काय? "वय झालं की गं," म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळत राहिलात.

खोटं कशाला बोलू? विमान उडवताना तुम्ही फार छान दिसायचात. स्कूटरवर मागे मी, मांडीवर विमान. कुवेंपुनगरातली माणसं वळून बघायची. कॉलेजातली नोकरी संपल्यावर मुका झालेला माणूस मैदानावर मान वर करून हसायचा. "सद्दू इल्ला, आवाज नाही, धूर नाही, बघ कसं जातंय!" तो माणूस मला हवा होता. अजून हवाय. म्हणून तर एवढा राग येतो.

तरीही विमान देऊन टाकणार होते मी. कपाटावरून खाली काढलंही. तेवढ्यात राजू म्हणाला, "नानागिद्रू अदे माड्तिद्दे अक्का." त्यानंसुद्धा तेच केलं असतं म्हणे! छाती काढून सांगत होता. त्याची लेक अजून रांगतेय हो!

तेव्हा ऐका. रविवारी मी मैदानावर जाणार. विमान देईन, हारही घालू देईन. पण गोष्ट मी सांगणार. सर चुकले, असं सगळ्यांसमोर म्हणणार. छातीत दुखलं तर रिमोट दुसऱ्याला देऊ, नाहीतर विमान पडू देऊ, असं एकेकाकडून वदवून घेणार, सगळ्यात आधी राजूकडून. तुमचं तिथलं मोठेपण त्यानं कमी होईल. होऊ दे! तुमच्या कौतुकापायी आणखी एका बाईवर असं पत्र लिहायची वेळ मी येऊ देणार नाही.

तुमच्यावर अजून रागावलेली,
शालिनी