नऊ वाजताचा आकडा

प्रिय दादा,

बाबांचा रिपोर्ट उशिरा का आला, असं तू विचारलंस तेव्हा मी "लॅबमध्ये गर्दी होती" म्हणाले. गर्दी नव्हती रे.

आमच्याकडे रिपोर्ट मोठ्या डॉक्टरांच्या सहीसाठी ट्रेमध्ये पडून राहतात. ते उगवतात बाराला. गंभीर रिपोर्ट आधी वॉर्डला फोनवर कळवू, सही मागाहून घेऊ, असं मी मीटिंगमध्ये सुचवलं होतं. "बाई, तुम्ही नळ्या सांभाळा," ते म्हणाले. सगळे हसले. मी परत नळ्यांकडे वळले.

त्या सकाळी नऊला एका रिपोर्टमधला आकडा जीवघेणा निघाला. रक्ताच्या नळीवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. हात फोनकडे गेला, पण ते हसणं आठवलं आणि मी कागद निमूटपणे ट्रेमध्ये ठेवला. बाराला सही झाल्यावर नंबरापुढे नाव लागलं. बाबांचं. तोवर वरच्या मजल्यावरच्या वॉर्डात त्यांनी प्राण सोडला होता.

हे पत्र पाठवायचा धीर मला होणार नाही.

आता माझी सूचना नियम झालीय. मी रोज फोन करते. पलीकडून सिस्टर म्हणते, "बरं झालं, वेळेत सांगितलंत."

तुझी,
धाकटी