भूखंड क्रमांक सातला त्याचा जुना ‘ड’ दर्जा परत मिळणेबाबत

प्रति,
मा. मुख्य माती अधिकारी,
माती सुधार शाखा,
वन व माळरान संशोधन केंद्र.

अर्जदार : वनस्पती मोजणीदार, भूखंड क्र. ७ (माळ).

विषय : भूखंड क्र. ७ ची माती निकृष्ट असून ती निकृष्टच राहू देणेबाबत, आणि सोमवारी सकाळी आठ वाजता येणारे खोदाई यंत्र रद्द करणेबाबत.

संदर्भ : १) आपले परिपत्रक ‘एक केंद्र, एक माती’, क्र. मासु/४१२.
२) आपले अभिनंदनपत्र, क्र. मासु/४५७.
३) अर्जदाराच्या घरातील गुलाबाची कुंडी.

महोदय,

१. मी या केंद्रात अकरा वर्षे रोपे मोजतो. काम साधे आहे. हातभर लांब, हातभर रुंद लोखंडी चौकट जमिनीवर ठेवायची, गुडघे टेकायचे आणि चौकटीत किती प्रकारची रोपे आहेत ते वहीत लिहायचे. केंद्राचे सात भूखंड आहेत. सहा जंगलात आहेत आणि सातवा म्हणजे जंगल संपते तिथला उघडा माळ. जंगल इतरांकडे, माळ माझ्याकडे. या कामात माझे दोन्ही गुडघे गेले, पण त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे आणि ती बहुतांशी माझ्याच विरुद्ध आहे, तरी ती शेवटपर्यंत वाचावी.

२. भूखंड सातची माती निकृष्ट आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. वर वीतभर वाळू, खाली कातळ. पावसात डबके, उन्हात तवा. नत्र नावापुरते आणि स्फुरद तर औषधालाही सापडत नाही. प्रयोगशाळेने अकरा वर्षे न चुकता ‘ड’ दर्जा दिला. ‘इ’ असता तर तोही दिला असता. परंतु साहेब, याच मातीत एकसष्ट प्रकारची रोपे नांदतात. एक रोप कंदात पाणी साठवून बसते. एकाच्या मुळांना गाठी आहेत, ते हवेतून नत्र ओढते. एक तर बोटभर उंचीचे आहे. मातीत खायला काही नाही म्हणून पठ्ठ्या पानांना चिकटा लावून माश्या धरतो आणि पोट भरतो. ज्याची त्याची युक्ती वेगळी आणि कोणाचेच पोट पुरते भरलेले नाही. त्यामुळे शेजाऱ्याला ढकलण्याइतका जोर कोणाच्याच अंगात येत नाही. पंगतीत वाढणारा हात सढळ झाला की दांडगा माणूस चार पाटांवर पसरून बसतो, हे आपण कोणत्याही लग्नात पाहिले असेल.

जंगलाचेही तेच. ओढ्याकाठच्या काळ्या मातीत जी झाडे माजतात, ती वाळूच्या उंचवट्यावर रुसतात. उंचवट्यावरची ओढ्याकाठी कुजतात. माती जागोजागी वेगळी, म्हणून झाडे वेगळी. यात कोणाचा आळशीपणा नाही.

३. आपण गेल्या वर्षी रुजू झालात आणि ‘एक केंद्र, एक माती’ हे परिपत्रक निघाले. ज्या भूखंडाला लागोपाठ ‘ड’ मिळेल तो सुधारायचा, आणि सर्व भूखंडांची माती एकसारखी ‘अ’ करायची, असा त्याचा आशय. शाळेतला मुलगा नापास झाला की त्याला शिकवणी लावतात, त्या न्यायाने हे बरोबरच आहे. पहिली शिकवणी भूखंड चारला लागली. तो जंगलातला वाळूचा उंचवटा. त्यावर चव्वेचाळीस प्रकार होते. तळ्याचा गाळ आणि साठ पोती खत पडल्यावर तिथल्या एका वेलाला असा काही माज चढला की विचारू नका. आता तिथे नऊ प्रकार आहेत. एक तो वेल, आणि बाकीचे आठ त्याच्याखाली जीव मुठीत धरून. पहारेकऱ्यांची सायकल त्यात दोन महिने हरवली होती. सापडली ती घंटी वाजली म्हणून. घंटी कोणी वाजवली याची चौकशी अजून चालू आहे. भूखंड चारच्या मोजणीदार बाईंना मोजायला काही उरले नाही, म्हणून त्या दुपारी स्वेटर विणतात. फलकावर मात्र लिहिले आहे, ‘ड वरून ब, उल्लेखनीय प्रगती’. बाई त्या फलकाकडे पाहतसुद्धा नाहीत.

४. यंदा ‘ड’ आला की माझ्या माळाची पाळी, हे ठरलेलेच होते. म्हणून, साहेब, मी नमुना बदलला.

हे वाक्य मी तीनदा खोडले आणि चौथ्यांदा तसेच ठेवले आहे. प्रयोगशाळेला अर्धा किलो माती लागते. ती मी माळावरून न घेता घरी गॅलरीत असलेल्या गुलाबाच्या कुंडीतून घेतली. पिशवीवर ‘भूखंड ७’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले, खाली सही केली आणि पाठवून दिली. माझा हिशेब असा की जेमतेम ‘क’ मिळेल, कोणाच्या डोळ्यावर येणार नाही आणि माळ एक वर्ष सुटेल. त्या कुंडीत घरातला चहाचा चोथा, अंड्यांची टरफले, तांदळाचे धुवण आणि सासूबाईंचे उरलेले खोकल्याचे औषध वर्षानुवर्षे पडत आले आहे, हे मी विसरलो. मोजणीदार असून घरातल्या कुंडीत काय आहे ते मला ठाऊक नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

५. निकाल आला, ‘अ अधिक’. केंद्राच्या इतिहासात हा दर्जा कोणाला मिळाला नव्हता. तो लिहायला छापील तक्त्यात जागाही नव्हती, समासात लिहावा लागला. प्रयोगशाळा सहायक धावत माझ्याकडे आले, माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, “अहो, काय चारलंत तरी काय तिला?” मला खरे सांगता आले नाही. मी म्हणालो, “माया.” माझी मलाच लाज वाटली, पण ते वाक्य आता आपल्या अभिनंदनपत्रात छापून आले आहे.

६. इथवर असते तर मी मूग गिळून गप्प बसलो असतो. पण अभिनंदनपत्राच्या मागच्या पानावर आदेश आहे. भूखंड सातची माती ‘आदर्श माती’ घोषित करण्यात येत असून ती हातभर खोलीपर्यंत खोदून उरलेल्या सहा भूखंडांवर समप्रमाणात पसरावी. सोमवारी, सकाळी आठ वाजता, यंत्राने. साहेब, मी माळ वाचवायला गेलो आणि त्याला आगीतून फुफाट्यात टाकले. गाळ पडला असता तर निदान खाली माती उरली असती. तिथे मुळात हातभर माती नाहीच. वीतभर खरवडली की उघडा कातळ. ती वीत जमायला किती काळ लागला असेल, हे सांगणारा आपल्या केंद्रात कोणी नाही. आणि ती पातळ, उपाशी वाळू ओढ्याकाठच्या मातीवर पसरून ओढ्याकाठचे भले होईल, असेही मला वाटत नाही.

७. याच संदर्भात टोमॅटोचा उल्लेख करणे भाग आहे. नमुन्यातली उरलेली माती प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवली होती. तिला अंकुर फुटला. सहायकांनी प्रेमाने पाणी घातले आणि वहीत नोंद केली, ‘भूखंड ७, प्रकार बासष्टावा, माळरानावरील दुर्मिळ रानटी टोमॅटो’. बाहेरून तीन विद्वान बघून गेले. त्यांतल्या एकांनी भिंगातून पाहून सांगितले की, याच्या पानांवर दुष्काळाशी दिलेल्या झुंजीच्या खुणा आहेत. त्या टोमॅटोने आयुष्यात दुष्काळ पाहिलेला नाही. त्याने फक्त आमची गॅलरी पाहिली आहे. या वनस्पतीला आपल्या पदावरून ‘मुख्य अधिकारी टोमॅटो’ असे नाव द्यावे, असा प्रस्ताव आपल्याच टेबलावर आहे असे कळते. कृपया त्यावर सही करू नये. त्याचे बी आमच्या स्वयंपाकघरातल्या केरातले आहे आणि फळ धरल्यावर ते बाजारातल्यासारखेच दिसेल.

८. घरची परिस्थितीही नाजूक आहे. पत्नीला कुंडी अर्धी रिकामी आणि गुलाब वाकडा दिसला तेव्हा मी सगळे कबूल केले. मला वाटले, ती रागावेल. ती रागावली नाही, फुगली. “अकरा वर्षं तुम्ही त्या माळाचे लाड केलेत, मिळाला ‘ड’. मी चोथा टाकला, मिळाला ‘अ अधिक’. आता बोला!” असे ती दिवसातून दोनदा म्हणते. पाहुण्यांसमोर तिसऱ्यांदा. भूखंड सातला जी बक्षिसाची ढाल जाहीर झाली आहे ती स्वतःच्या नावे मिळावी, असा तिचा स्वतंत्र अर्ज तयार आहे. त्यावर सासूबाईंचे म्हणणे असे की, खोकल्याचे औषध त्यांनी ओतले, म्हणून निम्मी ढाल त्यांची. दोघी आता आठवडाभर एकमेकींशी माझ्यामार्फत बोलतात. ढाल कोणालाच देऊ नये ही विनंती, नाहीतर मला घरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

९. आदेश रद्द व्हावा म्हणून मी प्रथम हेडक्लार्कसाहेबांना भेटलो. ते म्हणाले, “दर्जा वर न्यायचा फॉर्म आहे, खाली आणायचा नाही. असा कुणी आजवर मागितलाच नाही.” मी म्हटले, मग मी मागतो. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे निरखून पाहिले आणि घरी सगळे ठीक आहे ना, असे विचारले. मग वर चढवण्याचाच फॉर्म उलटा भरून देण्याचा सल्ला दिला. तो मी भरला. त्यात ‘सुधारणेची कारणे’ या रकान्यात काही लिहिता येईना. मी ‘खोटेपणा’ असे लिहिले. फॉर्म अपूर्ण म्हणून परत आला.

१०. काल यंत्रचालक जागा पाहायला आले होते. भला माणूस आहे. यंत्र कोणत्या बाजूने आत घालायचे ते विचारत ते माळाच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, “इथं तर काहीच नाही हो, नुसतं गवत. दोन तासांचं काम.” मला राग आला. मी म्हणालो, पाय उचला. त्यांच्या बुटाजागी चौकट ठेवली आणि विचारले, किती प्रकार दिसतात? ते उभ्यानेच म्हणाले, सहा. मी म्हटले, खाली बसा. ते बसले. पुढचा तास ते बोटाने एकेक रोप बाजूला करत मोजत होते. जेवणाची घंटा झाली तरी ते उठले नाहीत. उठले तेव्हा टोपी हातात होती. “कागद करा,” म्हणाले, “खाली मीपण लिहितो.” म्हणून हा अर्ज.

११. तरी मेहेरबानी करून सोमवारचे यंत्र रद्द करावे. भूखंड सातला त्याचा ‘ड’ परत द्यावा. तो त्याने इमानदारीने मिळवलेला आहे. ‘अ अधिक’ हा दर्जा कुंडीच्या नावे वर्ग करावा. माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी, मी उलट उत्तर देणार नाही. नोकरी गेली तर वाईट वाटेल, फार वाटेल. पण माळ गेला तर मी सोमवारपासून मोजू काय? आपण एकदाही तिथे आलेला नाहीत, साहेब. आलात तर मी चौकट धरतो, आपण मोजा. गुडघ्याखाली घ्यायला गोणपाट आणून ठेवतो.

आपला नम्र आणि हे लिहीपर्यंत तरी नोकरीत असलेला,

(सही)
वनस्पती मोजणीदार, भूखंड क्र. ७
दिनांक : शनिवार, कार्यालय बंद होण्याआधी

सोबत :
१) भूखंड ७ च्या मातीचा खरा नमुना, अर्धा किलो. (पिशवी लहान दिसेल. मातीच तशी आहे.)
२) एकसष्ट प्रकारांची यादी. टोमॅटो वगळला आहे.
३) पत्नीची हरकत, दोन पाने. सासूबाईंची हरकत, चार पाने.

साक्षीदाराची नोंद : मी यंत्र चालवतो. झाडाझुडपांतलं मला काही कळत नाही, पण मोजता येतं. माझा बूट होता त्या एका चौकटीत सत्तावीस निघाली. सोमवारी मला ताप येणार आहे. यंत्राची किल्ली माझ्याकडेच असते. ताप किती दिवस राहील ते साहेबांच्या उत्तरावर आहे.
(सही) यंत्रचालक