वरच्या आळीतला कुम

गोर्ना स्लिवा, २ फेब्रुवारी १९३४

चि. सौ. दाफिनास, झ्लाताचे आशीर्वाद, वि. वि.

लोकर पोचली. रंग भडक आहे. मी ती अंगावर घालून चर्चला गेले तर बाया वर्षभर हसतील, म्हणून पायमोजे विणीन. तुझ्या धाकट्याचा खोकला गेला का? शहरातल्या बाटल्या कमी पाज त्याला.

आता मुद्दा. वल्चान तुरुंगातून सुटून आला. माझ्या लग्नात आमच्या डोक्यांवर मुकुट धरणारा, माझ्या लेकाला, यांकोला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून उचलून घेणारा धर्मबाप, आपला कुम. आणि पाण्याच्या पाळीवरून भांडून, दारूच्या झिंगेत माझ्या नवऱ्याच्या, क्रस्त्योच्या डोक्यात कुदळ घालून त्याचा जीव घेणाराही तोच. वरच्या आळीत दार लावून बसलाय. तो तुरुंगात असतानाच बायको मेली. धुराड्यातून धूर निघतो, त्यावरून माणूस जिवंत आहे म्हणायचं.

यांको काही बोलत नाही, आणि मला तेच आवडत नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी निवांत झोपले असते. बापाची बंदूक खाली काढून तिला तेल देत बसला होता. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणे लांडगे उतरलेत. या हिवाळ्यात कुणी लांडगा पाहिलेला नाही, दाफिना. काल कुत्र्याला घेऊन वरच्या आळीकडे गेला आणि दिवेलागणीला आला. कुत्रंसुद्धा शेपूट घालून आलं.

लिही काहीतरी. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी झ्लाता


प्लोवदिव, ८ फेब्रुवारी

ती. झ्लाताताईस, दाफिनाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. यांकोला ताबडतोब इकडे धाड. हे म्हणाले, स्टेशनावर माल चढवायचं काम मिळेल, राहायला आमचं घर आहेच. पोरगं सव्वीस वर्षांचं झालं, त्याला बायको बघायची सोडून तू त्याला बंदुकीला तेल लावू देतेस?

त्या वल्चानचं म्हणशील, तर उपासाआधीचा क्षमेचा रविवार आलाच आहे. त्याला लाज असेल तर त्यानं तुझ्या उंबऱ्याशी येऊन गुडघे टेकावेत, सगळ्या गावादेखत. मग तू क्षमा कर नाहीतर दार लाव, तुला कुणी नावं ठेवणार नाही. मी असते तर दार लावलं असतं. रागावू नकोस हं, लहानपणी माझ्या कानाखाली वाजवायचीस ती ताई अजून तशीच आहे हे मला ठाऊक आहे. धाकटा बरा आहे. पायमोजे त्यालाच विण.

तुझ्या आशीर्वादाची भुकेली,
दाफिना


गोर्ना स्लिवा, १३ फेब्रुवारी

चि. सौ. दाफिनास, अ. आ. वि. वि.

यांकोला विचारलं. येतो म्हणाला, पण रविवारनंतर. रविवारी काय आहे ते तुला सांगायला नको. सगळं गाव टेकडीवर होळी पेटवायला जाणार, वरची आळी ओस पडणार. तो हे सहज म्हणाला आणि सूप प्यायला लागला. मी माझा चमचा खाली ठेवला.

पाद्रीबाबांकडे गेले. त्यांनी पुस्तक उघडून सातदा नव्हे तर सत्तर वेळा सातदा क्षमा करायची ते वाचून दाखवलं. मी म्हटलं, बाबा, आधी एकदा तरी जमू द्या. ते हसले. मला हसू येत नव्हतं.

तू मात्र पार शहरी झालीस. कुम कधी खाली उतरून लेकरांच्या दारी येतो का? धाकट्यांनी वर चढायचं, चीज भरून भाजलेली बानित्सा न्यायची, हात चुंबायचा, क्षमा मागायची. तो माझ्या दारी आला म्हणजे त्याचं कुमपण संपलं. आणि कुमपण संपलं की यांकोला अडवायला काय उरलं? या डोंगरात कुमावर हात कुणी उचललेला नाही. तेवढाच एक दोर माझ्या हातात आहे.

म्हणून मी जाणार. माझा नवरा मातीत गेला आणि मी त्याच्याकडे क्षमा मागायला जाणार! पण मुलगा एकच आहे. आणि पाद्रीबाबांना सांगितलं नाही ते तुला सांगते, वरचा धूर रोज बारीक होत चाललाय. लाकडं संपली असणार. त्याच्या दारात कुणी जात नाही. मला त्याचं काय, असं म्हणते आणि पुन्हा खिडकीशी जाते.

बानित्साची परात यांकोनंच धरायची असं मी बजावलंय. परात दोन्ही हातांनी धरावी लागते.

प्रार्थना कर. माया असू दे.

झ्लाता


गोर्ना स्लिवा, १९ फेब्रुवारी

चि. सौ. दाफिनास, अ. आ. वि. वि.

जाऊन आलो. सगळं सांगते, मध्ये थांबवू नकोस.

यांको परात घेऊन माझ्या मागून चालत होता. कुमाला द्यायचं संत्रं माझ्या खिशात होतं. टेकडीवर जाळ उठला होता, पोरं ओरडत होती, वरच्या आळीत चिटपाखरू नव्हतं. वल्चाननं दार आम्ही ठोठावायच्या आधीच उघडलं. एवढा दांडगा माणूस, कोटाच्या आत कुठेतरी हरवल्यासारखा दिसत होता. मी वाकले आणि तो हात धरला. तोच हात, दाफिना. गार होता, नखं फुटलेली. ओठ टेकवले आणि म्हटलं, क्षमा करा, कुम. त्यानं ‘देव क्षमा करो’ म्हणायला हवं होतं. तो नुसता बाजूला सरला आणि आम्हाला आत घेतलं.

टेबलाशी बसलो. परात मध्ये ठेवली, म्हणजे यांकोचे हात मोकळे झाले. बानित्सा कुमानं कापून वाटायची असते. वल्चाननं सुरी उचलली, बराच वेळ तिच्याकडे बघितलं, आणि मूठ यांकोकडे करून त्याच्या पुढ्यात ठेवली. म्हणाला, मी आता कुणाचा कुम नाही, ज्या नात्यानं तू अडून राहिलास ते मी सोडलं. मग गळ्याचं बटण काढलं आणि मान वर करून बसला.

माझा दोर तिथेच तुटला. मी टेबलाच्या पलीकडे, माझा गुडघा हा असा आखडलेला, हात पोचणार नव्हता. यांकोनं सुरी उचलली. त्याचा जबडा थेट क्रस्त्योसारखा आवळला होता. बाहेर पोरांचा ओरडा, आत चुलीचा आवाजसुद्धा नाही. चूल विझलेली होती. यांको त्या चुलीकडे बघत राहिला. मग त्यानं सुरी फिरवली, म्हाताऱ्याची बोटं उघडली आणि मूठ त्याच्या हातात दिली.

“कुमच कापतो,” म्हणाला. “कापा. निवतेय.”

वल्चाननं कापली. तुकडे वाकडेतिकडे झाले, निम्मं चीज परातीला चिकटून राहिलं. तिघांनीही खाल्लं. यांकोनं त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही. मी क्षमा केली का? तोंडानं केली. बाकीचं यायचं तेव्हा येईल.

आजपासून उपास. यांको सकाळीच गाडीला बैल जुंपून लाकडं घेऊन वर गेलाय. तुझ्याकडे यायचं नाव त्यानं आज काढलं नाही, मीही विचारलं नाही.

आहे ती माया तशीच ठेव.

झ्लाता